ताप नाही ना?

३ सप्टेंबर

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत ताईंना दोन डायऱ्या दिल्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्यापुढे आपटली. "टकळे, दिवसभर माझं डोकं खातेस, थोडं हिचंही खा." तेव्हापासून ती कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण आज कॅज्युअल्टीत असा तमाशा झाला की कुणाला सांगितल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही. आमच्या ह्यांना सांगावं, तर हे टीव्हीचा आवाज वाढवून बसलेत. मी तीनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा म्हणाले, "हं, बरं झालं." काय बरं झालं, कपाळ! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, सातव्या मजल्यावर अडकलेल्याची हाक ऐकून धावतो आणि घरच्या बायकोची हाक म्हणजे वारा.

तर तमाशा असा. आमच्याकडे नवे डॉक्टर आलेत, तिशीतले, कपड्यांना इस्त्री, जिभेला त्याहून जास्त. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे कॅज्युअल्टीत ज्याचं ज्याचं रक्त काढायचं, त्याची एचआयव्हीची तपासणीही करायची. पेशंटला तसं सांगायचं, तो नको म्हणाला तर सोडून द्यायचं. हात मोडलेला असो, छातीत दुखणारा असो. म्हणे, ज्यांना हा आजार आहे त्यातल्या कित्येकांना पत्ताच नसतो. ते दवाखान्यात येतात ते आपल्याकडेच, पडझड झाली की. आपण टाके घालतो आणि घरी पाठवतो.

झालं! मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड. एकजण म्हणाली, "पाय मुरगळलेल्या आजोबांना हे विचारायचं? काठी घालतील डोक्यात." मी मात्र डॉक्टरांची बाजू घेतली. पंचवीस वर्षं सुया टोचतेय, मला माहीत आहे, रक्त कुणाचं तोंड बघून बिघडत नाही.

सगळ्यात जास्त विरोध कुणी करावा? ताईंनी. ताई म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर, ऑक्टोबरअखेर रिटायर होणार. ज्या बाईनं मला शीर शोधायला शिकवलं, माझ्या बाळंतपणात रात्रभर कंबर चोळली, ती बाई म्हणते, "ज्याला माहीत नाही तो सुखात असतो हो डॉक्टर. कशाला उकरायचं?" मी म्हटलं, "ताई, म्हातारपणी घाबरट झालात." त्या हसल्या नाहीत. मला शिंक आली तेवढी ऐकली आणि विचारलं, "ताप नाही ना?" हे त्यांचं नेहमीचं. मी जरा खोकले तरी कपाळाला हात. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं.

९ सप्टेंबर

सुरू झालं. वाटलं होतं तेवढी कुणी काठी घातली नाही. दहातले आठ म्हणतात, "करा की, रक्त काढताय तर." एका आजोबांनी तर विचारलं, "ह्यात साखर पण कळते का?"

आज पहिली निघाली. शाळेतल्या बाई, घसरून मनगट मोडलं म्हणून आल्या होत्या. नीट विंचरलेले केस, मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. डॉक्टरांनी आत नेऊन सांगितलं, मी शेजारी होते. त्या म्हणाल्या, "मला कसं होईल? मी तर शाळा आणि घर." पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि बाहेर जाताना शहाणपणानं म्हटलं, "बाई, घरात विचारा जरा. बायकांना बहुतेक घरातूनच येतं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांच्या घरात शिरून काही चोरलंय. पण खोटं काय बोलले मी?

ह्यांनी फोन घेतला की गॅलरीत जातात हल्ली. दार लोटून घेतात. मी "कुणाचा?" विचारलं तर उत्तर नाही, सरळ आत. ऐकून न ऐकल्यासारखं करायची नवीन तऱ्हा.

१२ सप्टेंबर

एका सुतारानं विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही केलीय का स्वतःची?" मी गप्प. मला कुणी गप्प केलं की ते माझ्या घशात अडकून राहतं. आज चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "चला, सगळ्यांनी बोटं पुढे करा. मी पहिली. उद्या पेशंटनं विचारलं तर तोंड वर करून सांगता आलं पाहिजे." डॉक्टर खूष. दोघीतिघी हसत पुढे झाल्या. ताई म्हणाल्या, "हे काय पोरखेळ लावलेत? कामं नाहीत का?" मी म्हटलं, "ताई, तुमचं पण बोट टोचणार आहे, पळू नका."

बोट टोचलं, थेंब टाकला, किट चहाच्या ट्रेशेजारी ठेवलं. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे आहे. मी बिस्किट बुडवत होते. मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या ह्याला दोन का आल्यात?"

सगळे हसले. मी सुद्धा. "किट खराब आहे," कुणीतरी म्हणालं. दुसरं उघडलं. पुन्हा दोन. तिसरं वेगळ्या डब्यातलं. बिस्किट चहात पडून त्याचा लगदा झाला होता, मी तेवढंच बघत बसले. मागून काही फुटल्याचा आवाज आला. ताईंच्या हातातून कप पडला होता.

बाकीच्यांची बोटं कुणी टोचली नाहीत.

१३ सप्टेंबर

लॅबमध्ये शिरेचं रक्त दिलं. घरी कुणाला सांगितलं नाही. किट खराब असू शकतं.

१६ सप्टेंबर

किट खराब नव्हतं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि माझ्याशी त्याच आवाजात बोलले ज्या आवाजात शाळेतल्या बाईंशी बोलले होते. रोज एक गोळी, आयुष्य पुरं होतं, घाबरायचं नाही. माझी सगळी पाठ केलेली वाक्यं माझ्याच अंगावर. मग त्यांनी विचारलं, वजन उतरलंय का? अंगावर काही उठलं होतं का? मी म्हटलं, गेल्या वर्षी नागीण झाली होती. वजन तर काय, सगळ्या म्हणत होत्या, कसली बारीक झालीस, आम्हाला पण सांग काय खातेस. मी चढून गेले होते. नवीन दोन ब्लाऊज शिवले होते त्या आनंदात. पंचवीस वर्षं लोकांची दुखणी दारातून ओळखणारी मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता प्रश्न एकच. कुठून?

सुई म्हणावी तर मला जोरात अशी एकदाच टोचली होती, लेकीच्या बारावीच्या वर्षी. बांधकामावरून पडलेला रंगारी, बेशुद्ध. त्याची शीर धरताना त्यानं हात झटकला आणि त्याच्या रक्ताची सुई माझ्या तळव्यात गेली ती दुसऱ्या बाजूला डोकावली. मी रडून गोंधळ घातला होता. पण त्याचं रक्त ताईंनी स्वतः नेऊन तपासून घेतलं, तासाभरात येऊन सांगितलं, "स्वच्छ आहे. बिनधास्त झोप." म्हणून तर ना लागण टाळायचं औषध घेतलं, ना पुढे तपासणी केली. तेव्हा सुई बाद.

मग उरलं काय? बायकांना बहुतेक घरातूनच येतं. माझंच वाक्य.

आणि आज एक्सरेवाली म्हणते, "तुमच्या ह्यांना मी परवा पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात बघितलं. मागच्या महिन्यात पण होते. बरं नाही का?" मला माहीतच नाही की हे हॉस्पिटलात जातात. आणि जायचंच तर बायको नर्स असलेला माणूस दुसरीकडे का जाईल? बायकोला कळू नये म्हणूनच ना?

म्हणजे ह्यांना ठाऊक आहे. उपचार चालू आहेत, गॅलरीत फोन चालू आहेत आणि मी इकडे ब्लाऊज शिवतेय!

१८ सप्टेंबर

बोलले. बोलले कसली, भुईनळा उडाला. हे जेवत होते. मी विचारलं, "मोठ्या हॉस्पिटलात कशाला जाता?" हे म्हणाले, "काय?" मी पुन्हा विचारलं. पुन्हा "काय?" मग माझा ताबा सुटला. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "बाहेर कुठे शेण खाल्लंत ते सांगा! स्वतः गुपचूप औषध घेताय आणि मला मरायला ठेवलीय!" रिपोर्ट ताटाशेजारी टाकला.

ह्यांनी हात धुऊन, पुसून, मग कागद वाचला. हळू वाचतात हे, अक्षर अक्षर. चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "तुला... हे तुला झालंय?"

"नाटकं पुरे. हॉस्पिटलात जाता की नाही?"

"जातो. पण तू समजतेस तसं नाही गं. सांगणार होतो. थोडे दिवस दे मला."

थोडे दिवस! जो माणूस सरळ सांगू शकत नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं असतंच. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर नका राहू. वाद घालतील, पाय धरतील, असं वाटलं होतं. ह्यांनी पिशवीत दोन शर्ट आणि हत्यारांची पेटी घेतली आणि धाकट्या भावाकडे गेले. दारात थांबून विचारलं, "गोळ्या कधी सुरू होणार?" मी दार आपटलं. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात उभी होती, केर काढण्याचं सोंग करत.

पंचवीस वर्षं एका ताटात जेवले ह्या माणसाबरोबर. लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या बापानं माझा विश्वासघात केला. ती रडली आणि म्हणाली, "आई, बाबा असं नाही करणार." तिला काय माहीत? मला तरी कुठे माहीत होतं?

२१ सप्टेंबर

कामावर सगळे गोड बोलतात. इतके गोड की मुंग्या लागतील. चहा येतो तेव्हा माझा कप वेगळा असतो, कानाला चिकटपट्टी लावलेला. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टर, कप मिसळायला नकोत म्हणून." आणि ह्या त्याच नर्सा, ज्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात की कपानं काही होत नाही! शिकवायचं लोकांना, वागायचं आपल्याला नाही.

तेवढ्यात ताई आल्या. माझा तो चिकटपट्टीचा कप उचलला, सगळ्यांसमोर माझा उष्टा चहा प्यायल्या आणि कप मावशींच्या हातात दिला. "पट्टी काढा." मावशींनी नखानं पट्टी सोलून काढली.

त्याच ताई रोज डबा आणतात. माझी ड्युटी बदलून दुपारची केली, स्वतः डबल करतात. गोळ्या सुरू केल्या तेव्हा पहिली गोळी त्यांच्या हातून घेतली. रोज विचारतात, "ताप नाही ना? उलटी? चक्कर?" त्यांचे डोळे खोल गेलेत माझ्या काळजीनं. मी म्हटलं, "ताई, नवऱ्यानं केसानं गळा कापला हो माझा." त्या काहीतरी बोलायला गेल्या, मग डब्याचं झाकण लावत बसल्या. ते आधीच लागलेलं होतं.

तुम्ही नसता तर मी वेडी झाले असते, असं आज त्यांना सांगितलं. त्यांना रडू आलं.

२५ सप्टेंबर

हे हॉस्पिटलच्या दारात उभे होते, लिफ्टच्या कंपनीचा निळा शर्ट घालून. मी वळून जाणार होते, पण लोकांसमोर कशाला शोभा. ह्यांनी दोन कागद दिले.

पहिला रक्ताचा. एचआयव्ही नाही. दुसरा कानाचा. दोन्ही कानांनी ऐकणं कमी झालंय, डाव्यानं तर जवळजवळ गेलंच. उजव्या कानात छोटं मशीन दिसत होतं, केसांनी झाकायचा प्रयत्न केलेलं. केस कुठे आहेत झाकायला!

"सांगणार होतो," हे म्हणाले. "कंपनीला कळलं तर वर चढू देत नाहीत. ऐकू न येणारा माणूस लिफ्टच्या शाफ्टमध्ये कसा सोडायचा? आणि तुला सांगितलं तर तू आधी ओरडणार आणि मग स्वतः घेऊन जाणार. म्हटलं मशीन लागलं की सांगू. गॅलरीत स्पीकर लावून बोलायचो, आत लाज वाटायची."

मी दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले. ह्यांनी विचारलं, "गोळ्यांनी त्रास होतो का? जेवतेस ना?" आणि बसची वेळ झाली म्हणून गेले.

मी डॉक्टरांकडे धावले. खोटा रिपोर्ट असेल, लवकर केली असेल. डॉक्टर म्हणाले, तुमचं रक्त बघता तुम्हाला होऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांना लागण झाली नाही हे नशीब. पण त्यांच्याकडून तुम्हाला आलं नाही, एवढं नक्की.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. बरं, मग चोर कोण?

२६ सप्टेंबर



दुपारी साफसफाईच्या खोलीत ताई एकट्या होत्या, सुयांचे डबे मोजत. मी सहज विचारलं. देवाशपथ सहज. "ताई, त्या रंगाऱ्याचा रिपोर्ट तुम्ही स्वतः बघितला होतात ना? की लॅबवाल्यानं तोंडी सांगितला?"

त्या वळल्या नाहीत. डबे ठेवत राहिल्या.

"ताई?"

"बस," त्या म्हणाल्या.

"मी उभी बरी आहे."

"त्याचं रक्त मी घेतलं होतं. लॅबवाला म्हणाला, पेशंट बेशुद्ध, त्याची संमती नाही, नातेवाइकाची सही आणा. बाहेर आले तर त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवत होते, बायको गाडीत चढली होती. ती ट्यूब माझ्या खिशातच राहिली. उद्या काहीतरी करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी रक्त खराब झालं होतं."

"पण तुम्ही मला तासाभरात सांगितलंत. स्वच्छ आहे म्हणून."

"तू कशी रडत होतीस ते आठवतं का तुला? लेकीची परीक्षा, घरी काय सांगू, मरणार का मी. मला बघवेना. शेकडो सुयांत एखादीनं होतं गं. म्हटलं, होणार नाहीच आहे, तर हिची झोप कशाला उडवायची? म्हणून बोलून गेले."

"महिनाभर औषध मिळालं असतं मला! त्याच दिवशी सुरू केलं असतं तर हे झालंच नसतं बहुतेक! ताई, ते औषध ह्याच इमारतीत होतं, जिन्याखालच्या कपाटात!"

"हो."

"आणि नंतर? एवढ्या वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही? तपासून घे एवढंच म्हणायचं होतं!"

"रोज वाटायचं. रोज तुला विचारायचे ना, ताप नाही ना म्हणून. नाही म्हणालीस की तो दिवस निभायचा."

मी धपकन खाली बसले. मायेनं विचारतात असं वाटायचं मला. त्या माझ्या कपाळाला हात लावून स्वतःचा निकाल बघत होत्या.

मग मला नागीण आठवली. तेव्हा ताई माझ्या घरी येऊन बसल्या होत्या, माझ्या पाठीवरचे फोड बघून ढसाढसा रडल्या होत्या. मी त्यांनाच समजावलं होतं, अहो मरत नाही मी. मी म्हटलं, "नागीण झाली तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

त्यांनी मोजून झालेले डबे पुन्हा मोजायला घेतले.

"तेव्हा कळलं होतं. आणि तुम्ही मला ब्लाऊज शिवू दिलेत."

त्या म्हणाल्या, "तपासणी सुरू झाली तेव्हा मी नको म्हणत होते, ते ह्याचसाठी." म्हणजे मी न कळता मेले असते तरी चाललं असतं. वर म्हणाल्या, "मी तुझ्या भल्यासाठीच..." मी जेवणाचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला. आजचा, त्यांनी आणलेला, न उघडलेला. आणि बाहेर आले.

३० सप्टेंबर

शत्रूनं मारलं तर माणूस ओरडतो तरी. हिच्या मांडीवर डोकं ठेवून मी नवऱ्याला शिव्या दिल्या. आणि ती डोक्यावरून हात फिरवत ऐकत राहिली! तो उष्टा चहा, तो डबा, ती डबल ड्युटी. ते माझ्यासाठी होतं की तिच्या झोपेसाठी? विचार करून डोकं फुटायची वेळ आली. वाईट बाई असती तर सोपं होतं. वाईट नाही हीच पंचाईत.

आणि तो रंगारी? मला निदान आज कळलं. त्याची बायको गाडीत चढली तेव्हा तिच्या हातात त्याच्या रंगानं माखलेल्या चपला होत्या, मला स्पष्ट दिसतात. त्याला कुणी सांगितलं असेल का? तिला? त्याचं मोडलेलं हाड नक्की जोडलं असेल. आम्ही हाडं छान जोडतो.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तक्रार करायची असेल तर मी बरोबर येतो. मी म्हटलं, बघू. ताई आता माझ्या समोर आल्या की भिंतीकडून जातात.

७ ऑक्टोबर

शाळेतल्या बाई दाखवायला आल्या, हाताला अजून प्लास्टर. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "त्या दिवशी मी घरात विचारा म्हणाले, ते बोलायला नको होतं." त्या म्हणाल्या, "विचारलं मी. त्यांना नाहीये. आता ते मला विचारतात. रोज." मग प्लास्टरवरचा धागा ओढत म्हणाल्या, "लग्नाआधी एकदा रक्त चढवलं होतं मला. ते सांगितलं तर म्हणतात, सोयीस्कर आठवलं."

त्या गेल्यावर मी रिकाम्या खाटेची चादर बदलायला घेतली. ह्यांचा रिपोर्ट एचआयव्ही नाही असा आला, त्या घडीला ह्यांच्याही मनात तेच यायला हवं होतं. "मग हिला कुठून?" हे मला आत्तापर्यंत सुचलंच नव्हतं. मी आपली चोर शोधत फिरत होते.

११ ऑक्टोबर

धाकट्या दिरांकडे गेले. हे गच्चीवर कुणाचा तरी पंखा उघडून बसले होते. मशीन कानात होतं. मी सगळं सांगितलं, रंगारी, ट्यूब, ताई. हे स्क्रू काढत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई? आपल्या ताई?" आणि स्क्रू हातातून सुटला. तो शोधायला दोघंही गुडघ्यावर बसलो.

मी विचारलं, "तुमचा रिपोर्ट आला तेव्हा तुमच्या मनात नाही आलं, मला कुठून झालं?"

"आलं की."

"मग विचारलं का नाहीत?"

"असतं काही तर तूच सांगितलं असतंस." स्क्रू सापडला, तो ह्यांनी शर्टाला पुसला. "तुझ्या पोटात काय राहतं?"

एवढंच. मी पंचवीस वर्षांनंतर एका कागदावरून ह्यांनी शेण खाल्लं असं ठरवलं, आणि ह्या माणसानं मला एक प्रश्न सुद्धा विचारला नाही. विश्वासघात माझा झाला म्हणून मी गावभर बोंबलत होते. ह्यांचा कुणी केला?

मी म्हटलं, घरी चला. हे म्हणाले, "येईन. आज नको. वरच्या मजल्यावरची बाई अजून माझ्याकडे बघून तोंड फिरवते. परवा तुझ्यासाठी फळं घेऊन आलो होतो, जिन्यातूनच परत गेलो."

३१ ऑक्टोबर

ताईंचा निरोप समारंभ. हार, शाल, फोटो. तक्रार मी दिली नाही. का, ते मला विचारू नका, मलाच माहीत नाही. माफ केलं म्हणून नाही, एवढं लिहून ठेवते.

सगळ्यांनी गळा काढून भाषणं केली. मग कुणीतरी ओरडलं, "टकळी बोलणार!" ताईंनी मान वर केली. तोच चेहरा, सुई टोचली त्या दिवशीचा. मी उभी राहिले. खोलीत आम्ही दोघी आणि डॉक्टर, तिघांनाच माहीत होतं की मी काय बोलू शकते.

मी म्हटलं, "शीर कशी शोधायची, रडणाऱ्या पोराला कसं धरायचं, मेलेल्याचे डोळे कसे मिटायचे, सगळं मला ताईंनी शिकवलं. फक्त एक घेऊ नका त्यांच्याकडून. पेशंटला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायची सवय. तेवढं सोडून बाकी सगळं घ्या."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, हिची जीभ म्हणजे! ताई हसल्या नाहीत.

बाहेर पडताना त्या जवळ आल्या. हात सवयीनं वर आला, माझ्या कपाळाकडे. मी मागे सरकले. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी त्यानं शाल सावरली. मला वाटलं होतं बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. आई वारल्यासारखं वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

हे काल आले. पिशवी, पेटी, दोन शर्ट. आल्या आल्या नळाचा वायसर बदलला. मी संध्याकाळभर शब्द जुळवत होते आणि ते जुळत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा.

आज सकाळी हे दाढी करत होते. मी मागे उभी राहून म्हटलं, "माझं चुकलं. मी तुमच्यावर नको ते आळ घेतले. मला माफ करा." सगळं एका दमात, रडत, व्यवस्थित.

हे गालावर ब्रश फिरवत राहिले. आरशात मी दिसले तेव्हा दचकून वळले. "काय गं? काही म्हणालीस?" मशीन बेसिनच्या कडेला काढून ठेवलं होतं.

"लावा ते कानात," मी खुणेनं सांगितलं. ह्यांनी साबणाचे हात दाखवले. "मोठ्यानं बोल."

खिडकी उघडी होती. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे ती बाई जागेवर होती. बरंच झालं. शेण खाल्लंत म्हणून मी अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलं होतं, मग हे काय कानात कुजबुजायचं?

मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले.